‘ब्लॉक आहे, आत्ताच टाकून घ्यायचा का?’

मराठी घरात छातीत दुखणं हे आधी पित्त असतं. मग गॅस. मग "काल रात्री उगाच भजी खाल्लीत". इनो झालं, ओवा चावून झाला, लिंबू-सोडा झाला की मग कोणीतरी हळूच म्हणतं, एकदा ईसीजी काढून येऊया का. आमच्याकडे पण तेच. बाबांना पर्वतीच्या पायऱ्या चढताना छातीवर कोणीतरी हात दाबून धरल्यासारखं व्हायचं, थांबले की दोन-चार मिनिटांत गायब, परत चढायला लागले की परत सुरू, आणि हे सगळं ते "वय झालं आता" या खात्यात टाकून मोकळे व्हायचे. अहो पण पित्ताला पायऱ्यांचं काय पडलंय? चढताना येतं आणि थांबल्यावर जातं एवढं ऐकल्यावर डॉक्टरांना पुढचं ऐकायची फारशी गरजच उरली नाही.

ईसीजी नॉर्मल, टूडी एको चांगला, पट्ट्यावर चालायची स्ट्रेस टेस्ट मात्र पॉझिटिव्ह. म्हणजे आता अँजिओग्राफी, हृदयाच्या धमन्यांत डाय सोडून ब्लॉक बघायची तपासणी. हे कळल्यावर घरात काय होतं ते तुम्हाला माहीत असेलच, आत्या फोनवर रडायला लागली, काकांनी ओळखीतल्या सगळ्या स्टेंटवाल्यांची (म्हणजे ब्लॉकच्या जागी जाळी बसवलेल्यांची) माहिती व्हॉट्सअॅपवर पाठवली, शेजारच्या काकू म्हणाल्या काही टेन्शन घेऊ नकोस गं, दोन स्प्रिंगा टाकल्या की माणूस नवा होतो. टेस्ट व्हायची होती आणि स्प्रिंगांचा आकडा आधीच ठरला होता.

या पोस्टमध्ये मुख्य जे सांगायचंय ते इथेच सांगून टाकते, बाकीचं वाचा नाहीतर सोडा. अटॅक चालू असताना कॅथलॅबमध्ये (अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) जाणं आणि अटॅक नसताना जाणं या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. खोली तीच, टेबल तेच, डॉक्टरही कदाचित तेच, पण पहिल्यात एकेक मिनिट महाग असतं आणि दुसऱ्यात बहुतेक वेळा घरी जाऊन, जेवून, झोपून, दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून ठरवण्याइतका वेळ असतो. आणि आपल्याकडे दाराबाहेर बसलेल्या नातेवाइकांना दोन्ही वेळेला एकाच घाईने विचारतात, टाकायचा का.

मी डॉक्टर नाही. माझी मामेबहीण नर्स आहे, तिने बरीच वर्षं कॅथलॅबमध्येच काढलीयेत, आणि तिला रात्री-अपरात्री फोन करून मी जे डोकं खाल्लं त्यातून हे सगळं आलंय, वर माझं स्वतःचं वाचन.

आता आत नक्की काय करतात ते. पूर्वी जांघेतून करायचे, मग पाय सरळ ठेवून तासन्‌तास पडून राहायचं, जांघेवर वाळूची पिशवी, हलायचं नाही. बाबांच्या एका मित्राला त्या पिशवीचाच जास्त राग होता. आता बहुतेक ठिकाणी मनगटातून करतात. कॅनडात लुसियाँ कांपो यांनी १९८९ साली मनगटातून अँजिओग्राफी केल्याचं छापलं, पुढे १९९२ च्या सुमाराला अॅमस्टरडॅमला किमेनाय यांनी मनगटातूनच प्लास्टी, म्हणजे ब्लॉक आतून फुग्याने उघडणं, करायला सुरुवात केली, आणि मग हळूहळू जगभर हा रस्ता रुळला. मनगटावर एक भुलीचं इंजेक्शन, तेच काय ते दुखतं. पेशंट पूर्ण जागा असतो. मग नाडी लागते त्या धमनीत एक छोटी नळी बसवतात, तिला शीथ म्हणतात, साधारण दोन-अडीच मिलिमीटर जाडीची, त्यातून आधी मऊ टोकाची वायर आणि वायरवरून कॅथेटर. तो हातातून, खांद्यावरून, महाधमनीतून थेट हृदयाच्या दाराशी, आणि पेशंटला आत काहीही जाणवत नाही कारण रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला तशी जाणीवच नसते. मग डाय सोडतात. आयोडीनवाला डाय, एक्स-रेमध्ये काळा दिसतो. डाय गेला की क्षणभर अंगात गरम वाटतं, काहींना तर चड्डीत झाली की काय असंही वाटतं, झालेली नसते, बहिणीने हे आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बाबा घाबरले नाहीत. वरचं मोठं यंत्र इकडून तिकडे फिरतं, श्वास घ्या, धरा, सोडा. दहा-पंधरा मिनिटांत पिक्चर खलास. बाबांनी मान वळवून स्क्रीन बघितला आणि बाहेर आल्यावर आईला म्हणाले, अगं माझं हृदय म्हणजे उपटलेल्या भुईमुगाच्या वेलासारखं दिसतं.

त्या डायमुळेच आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात, कारण किडनी नाजूक असेल तर डाय तिला जड जातो. शुगरवाले असाल आणि मेटफॉर्मिन चालू असेल तर आधी सांगा, बंद करायची का, कधी करायची ते ते सांगतील. आधी कधी डायची अॅलर्जी आली असेल तर तेही. झाल्यावर मनगटावर हवा भरलेला एक पारदर्शक पट्टा लावतात आणि त्यातली हवा हळूहळू कमी करतात, तोवर त्या हाताने मोबाईलसुद्धा धरायचा नाही. धोका? शून्य नाही. साध्या अँजिओग्राफीत जिवावर बेतणारी गोष्ट हजारात एखाद्याच्या वाट्याला येते असं धरून चालतात, पण कन्सेंट फॉर्म वाचलात तर वाटेल आत गेलेला माणूस परतच येत नाही.

बाहेर बसल्या बसल्या मी हे सगळं सुरू कोणी केलं ते वाचत होते आणि खरं सांगते, इतका वेडा किस्सा वैद्यकात दुसरा नसेल. १९२९, जर्मनीत बर्लिनजवळचं एबर्सवाल्डे नावाचं छोटं गाव, तिथल्या हॉस्पिटलमध्ये वेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला ज्युनिअर डॉक्टर. याच्या डोक्यात आलं की हाताच्या शिरेतून नळी सरकवत नेली तर ती हृदयात पोचेल, औषध थेट तिथे देता येईल. तेव्हा सगळ्यांची खात्री की हृदयाला काही टोचलं की माणूस संपला. वरिष्ठांनी सरळ नाही म्हटलं, स्वतःवर करायचंय म्हटला तरी नाही. मग यानं काय करावं, सामानाच्या कपाटाची किल्ली ज्या नर्सकडे, त्या गेर्डा डिट्झनला पटवलं. ती म्हणाली माझ्यावर कर. यानं तिला टेबलावर बांधलं, तिच्या हाताला औषध लावल्याचं नाटक केलं आणि तिला दिसणार नाही असा उभा राहून स्वतःच्याच डाव्या हाताची शीर उघडून त्यात लघवीसाठी वापरतात ती नळी घातली. मग तिला सोडलं, ती भयंकर चिडलेली, आणि हातातून नळी लोंबकळत असताना जिने उतरून दोघं खाली एक्स-रेच्या खोलीत. एक सहकारी धावत आला आणि ती नळी ओढून काढायलाच निघाला होता, त्याला यानं ढकललं म्हणे. आरशात बघत बघत यानं नळी ६५ सेंटीमीटरपर्यंत आत सरकवली आणि फोटो काढून घेतला. टोक हृदयाच्या उजव्या बाजूत.

कौतुक? छे. बर्लिनच्या मोठ्या हॉस्पिटलातून हाकललं, हृदयाचा नाद सोडून साहेब मूत्रविकारतज्ज्ञ झाले. हेही सांगायला हवं की मध्ये तो नाझी पक्षात गेला आणि युद्धात लष्करी डॉक्टर होता, म्हणजे अगदी हार घालावा असा माणूस नाही. पण त्याच कल्पनेवर न्यूयॉर्कमध्ये कूर्नाँ आणि रिचर्ड्स यांनी पुढे रीतसर काम केलं, हृदयाच्या कप्प्यातले दाब मोजले, आणि १९५६ चं नोबेल तिघांना मिळून मिळालं.

पण फोर्समानची नळी शिरेतून उजव्या बाजूला गेली होती. आपल्याला ज्या ब्लॉकची भीती असते तो हृदयाला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्यांमध्ये, आणि त्यांच्यात थेट डाय सोडायची तर कोणाची हिंमतच नव्हती. ते झालं अपघाताने. १९५८, क्लीव्हलँड, मेसन सोन्स नावाचे डॉक्टर. महाधमनीत डाय सोडायचा होता, कॅथेटरचं टोक सरकून उजव्या कोरोनरीत गेलं आणि भरपूर डाय त्या एकाच धमनीत. हृदय थांबलं. सोन्स ओरडले, खोका! पेशंट खोकला, आणि ठोके परत सुरू. आजही कॅथलॅबमध्ये मध्येच "खोका, जोरात खोका" असं सांगतात, बाबांना पण सांगितलं, बाबांना वाटलं घशाला काही झालं म्हणून.

मग १९७७, झुरिक. आंद्रेआस ग्रुएन्टझिग. हा माणूस घरच्या स्वयंपाकाच्या टेबलावर बसून प्लास्टिकचे फुगे बनवायचा, बायको, सहकारी सगळे कामाला. १६ सप्टेंबरला एका ३८ वर्षांच्या माणसाच्या हृदयाच्या डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीतला अडथळा त्यानं आतून फुगा फुगवून उघडला, छाती न कापता. तीच पहिली कोरोनरी अँजिओप्लास्टी. फुग्याने उघडलेली धमनी बऱ्याच जणांत पुन्हा आक्रसायची, म्हणून १९८६ पासून धातूची जाळी ठेवायला लागले, म्हणजे आपली स्प्रिंग, स्टेंट. त्या जाळीतही आतून वाढ व्हायची म्हणून पुढे तिच्यावर औषधाचा लेप आला. आज टाकतात ते बहुतेक लेपवालेच.

आता दारापाशी.

सकाळीच ज्या फॉर्मवर सही घेतली त्यावर अँजिओग्राफी आणि पुढे प्लस-मायनस करून प्लास्टी, म्हणजे गरज वाटली तर लगेच प्लास्टीही, असं लिहिलेलं होतं. हे बहुतेक ठिकाणी असतंच, बघून सही करा. अर्ध्या तासाने शिशाचा अॅप्रन घातलेला तरुण डॉक्टर बाहेर आला आणि म्हणाला, उजव्या धमनीत सत्तर टक्के ब्लॉक आहे, वायर आतच आहे, आत्ताच टाकून घ्यायचा का, परत यायला नको. आई माझ्याकडे बघायला लागली. काका म्हणाले टाका टाका. खरं सांगायचं तर त्या वाक्यात वाईट काही नव्हतं, तो मुलगा शांतपणे विचारत होता, पण "वायर आतच आहे" हे ऐकल्यावर नाही कोण म्हणेल?

मामेबहिणीने फोनवर प्रश्न लिहून दिले होते ते मी वाचून दाखवले, अक्षरशः कागदावरून. लेफ्ट मेन (डाव्या बाजूची मूळ धमनी) स्वच्छ आहे का? हृदयाचं पंपिंग चांगलं आहे ना? आणि हा जो सत्तर टक्के आहे त्याने रक्त खरंच कमी पडतंय का, की दिसायला तसा आहे, प्रेशर वायरने बघता येईल का? तो आत गेला, मोठे डॉक्टर स्वतः बाहेर आले. मला वाटलं आता ओरडा बसणार. ते म्हणाले, बरोबर विचारलंत, बघू या.

ही प्रेशर वायरची भानगड अशी की फोटोत धमनी किती अरुंद दिसते हा शेवटी डोळ्यांचा अंदाज असतो, एकच फोटो एक डॉक्टर साठ म्हणेल, दुसरा ऐंशी. त्यापेक्षा अडथळ्याच्या अलीकडचा आणि पलीकडचा दाब मोजायचा. औषध देऊन रक्ताचा प्रवाह वाढवतात आणि पलीकडचा दाब भागिले अलीकडचा. याला एफएफआर म्हणतात. ०.८० च्या वर आला तर त्या ब्लॉकला सहसा हात लावत नाहीत. बाबांचा आला ०.८६. स्टेंट नाही. गोळ्या.

आणि मग सुरू झाली खरी गंमत, कारण नातेवाईक नाराज. एवढं आत नेलं आणि काहीच केलं नाही? सत्तर टक्के ब्लॉक तसाच ठेवला? काकांच्या दृष्टीने बाबा परीक्षेला बसले आणि पेपर कोरा देऊन आले.

त्यांना समजावताना मला जे मांडावं लागलं ते असं. अटॅक येतो तो ब्लॉक हळूहळू सत्तर, ऐंशी, नव्वद, शंभर होत जातो म्हणून, असं आपल्याला वाटतं. पुष्कळदा तसं होत नाही. धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर अचानक फाटतो, त्यावर रक्ताची गुठळी होते आणि रस्ता मिनिटांत बंद. फाटणारा थर हा सगळ्यात अरुंद जागचाच असेल असं काही नाही, तीस-चाळीस टक्केवालाही फाटतो. म्हणून एका जागी जाळी बसवून बाकीच्या नळ्यांचं काय? तिथे स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी), अॅस्पिरिन, बीपी, शुगर आणि तंबाखू बंद हेच चालतं. आयस्कीमिया नावाची मोठी चाचणी झाली, पाच हजारांवर पेशंट, ३७ देश, भारतातलेही होते, निकाल २०१९ च्या शेवटी आले. स्थिर आजार असलेल्यांना लगेच कॅथलॅबमध्ये नेलं काय आणि आधी नीट औषधं दिली काय, मृत्यू आणि अटॅकमध्ये तीनेक वर्षांत म्हणावा असा फरक पडला नाही. लेफ्ट मेनचा ब्लॉक असलेले आणि पंपिंग फारच कमी असलेले लोक त्यात घेतले नव्हते, म्हणून तर बहिणीने ते दोन प्रश्न वर लिहिले होते. त्याच्या आधी २०१७ ला ब्रिटनमध्ये ऑर्बिटा नावाची चाचणी झाली, तिच्यात २०० जणांपैकी अर्ध्यांना स्टेंट घातला आणि अर्ध्यांना नुसतंच टेबलावर घेऊन काहीच न घालता बाहेर आणलं, कोणाला काय केलं ते पेशंटला माहीत नाही. चालण्याच्या क्षमतेत दोन्ही गटांत फारसा फरक नाही!

पण हे वाचून स्टेंट म्हणजे नुसता धंदा असं कोणी फॉरवर्ड करू नका, प्लीज. त्याच लोकांनी २०२३ ला परत चाचणी केली, या वेळी छातीत दुखू नये म्हणून देतात त्या गोळ्या बंद ठेवून, आणि तिच्यात स्टेंटवाल्यांचं छातीत दुखणं खरंच कमी झालं. म्हणजे गोळ्या घेऊनही दुखतंय, जिना चढता येत नाही, तर स्टेंट जरूर टाका, बरं वाटण्यासाठी टाका. शुगर आहे आणि तिन्ही धमन्या खराब आहेत तर बऱ्याचदा बायपास जास्त टिकते, तेव्हा एकाच वेळी तीन-चार स्टेंट ऐकले की सर्जनचंही मत घ्या. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे, ती घेऊन कुठेही जाता येतं.

आणि हे सगळं अटॅक नसताना.

मामांची गोष्ट उलटी. ते जतला राहतात. पहाटे छातीत कळ, डावा हात, दरदरून घाम. मामीने पित्ताचा विषयच काढला नाही (बायको शहाणी असली की माणूस वाचतो, हे मामा स्वतः म्हणतात), सरळ गाडी काढायला लावली. जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढला, तिथल्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या सांगितलं मोठा अटॅक आहे. आता पुस्तकात असं आहे की धमनी पूर्ण बंद झालेल्या अटॅकमध्ये सगळ्यात उत्तम म्हणजे लगेच अँजिओप्लास्टी, हॉस्पिटलच्या दारात पाय ठेवल्यापासून दीड तासाच्या आत फुगा फुगला पाहिजे. पण जतहून मिरज गाठायची, तिथे टीम जमायची, यात दोन तास सहज जातात, आणि तेवढा वेळ लागणार असेल तर आधी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं असा नियम आहे. त्या डॉक्टरांनी वाट बघितली नाही, तिथेच इंजेक्शन दिलं आणि मग अॅम्ब्युलन्सने मिरजेला पाठवलं. दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी, डाव्या बाजूच्या मोठ्या धमनीत, एलएडीत, ब्लॉक, तिथेच स्टेंट. त्या दिवशी मी मामीला एकही प्रश्न विचारायला सांगितला नाही. सही कर म्हटलं.

कॅथलॅबमध्ये फक्त ब्लॉकच बघतात असंही नाही हां. लहान मुलांच्या हृदयातलं भोक छत्रीसारख्या बटणाने बंद करतात, लहानपणी सांधेतापाने खराब झालेला मायट्रल व्हॉल्व्ह फुग्याने उघडतात, तो फुगा जपानच्या इनोऊ यांचा, त्यांनी १९८४ ला छापून जगापुढे आणलेला, आणि आपल्याकडे सांधेताप खूप असल्याने त्याने आपल्या कित्येक तरुण बायकांचं ऑपरेशन वाचवलंय. म्हाताऱ्या माणसांना तर आता अख्खा नवा व्हॉल्व्ह नळीतून बसवतात, २००२ पासून. यावर वेगळं लिहिण्याइतकं आहे.

पैशांचं थोडं. २०१७ च्या फेब्रुवारीच्या आधी औषधवाल्या स्टेंटची एमआरपी लाख-सव्वा लाखांच्या घरात असायची, मग सरकारने किमतीला कुंपण घातलं, औषधवाला २९,६०० आणि साधा ७,२६० रुपये अधिक कर. हा आकडा अधूनमधून बदलतो, आजचा एनपीपीएच्या (औषधांच्या किमती ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) साईटवर सापडतो. पण कुंपण फक्त स्टेंटला आहे, फुगे, वायर, पॅकेज याला नाही, म्हणून बिल बघून "स्टेंट तर स्वस्त झाला ना" असं काउंटरवर भांडून उपयोग नाही. बिलात स्टेंटची कंपनी, बॅच नंबर आणि किंमत वेगळी लिहिलेली पाहिजे, ती मात्र मागा. मामांचं सगळं महात्मा फुले योजनेत झालं, काउंटरजवळ आरोग्यमित्र, म्हणजे त्या योजनेचा माणूस, बसलेला असतो, रेशन कार्ड आणि आधार घेऊन आधी त्याला भेटायचं.

स्टेंट टाकल्यावर रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या असतात, अटॅकनंतर साधारण वर्षभर, आणि या गोळ्या मनाने बंद करणं म्हणजे ती जाळीच गुठळीने बंद करून घेणं. मामांची दाढ किडली, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं आठ दिवस गोळ्या थांबवा, मग काढू. मामांनी सुदैवाने मुलीला विचारलं, म्हणजे माझ्या त्या नर्स बहिणीला, आणि तिने फोनवर असा काही आवाज चढवला की मामा दवाखान्यातून तसेच परत आले. हृदयाच्या डॉक्टरांनी सांगितलं गोळी एकही चुकवायची नाही, दाढ काढायचीच असेल तर गोळ्या चालू ठेवून काढा, मी त्यांच्याशी बोलतो. शेवटी तशीच काढली, रक्त जरा जास्त वेळ आलं, कापूस चावून बसले आणि थांबलं.